केचपमधल्या साखरेचं काम

आईच्या पाककृतींच्या वहीत 'टोमॅटो सॉस' असं एक पान आहे. वरच्या कोपऱ्यात 'महिला मंडळ, जाने. १९८४'. खाली निळ्या शाईत प्रमाण: टोमॅटो ५ किलो, साखर ४०० ग्रॅम, मीठ ३ चमचे, व्हिनेगर पाऊण वाटी, कांदा-लसूण-लवंग-दालचिनी-लाल मिरचीची पुरचुंडी, सोडियम बेन्झोएट पाव चमचा. समासात मात्र वेगवेगळ्या पेनांनी, वेगवेगळ्या वर्षी केलेल्या तीन नोंदी आहेत. पहिली 'साखर नको'. तिच्याखाली एकच शब्द, 'फुटली'. तिसरी 'गूळ ३५० ग्रॅम, छान', आणि ही तिसरी ओळ दोनदा आडवी रेघ मारून खोडलेली.

गेल्या वर्षी माझा स्वतःचा रक्तातल्या साखरेचा रिपोर्ट काठावर आला, तेव्हा मी हे पान पुन्हा काढलं. साखरेशिवाय केचप करायचं होतं. पण समासातल्या त्या तीन ओळी मला नीट कळेपर्यंत गॅस पेटवण्यात अर्थ नव्हता. त्या कळायला मला बरंच लांब, थेट फिलाडेल्फिया आणि वॉशिंग्टनपर्यंत जावं लागलं.

आधी घरातलं सांगतो. आम्ही तेव्हा अमरावतीला होतो. जानेवारीत टोमॅटो मातीमोल झाला की आई एक अख्खं कॅरेट घ्यायची. दोन दिवस घरभर आंबट-तिखट वास असायचा. उकळून वाळवलेल्या बाटल्या, त्यात गरम सॉस, वर बूच आणि बुचावर वितळवलेलं मेण. फडताळात ओळीनं दहा-बारा बाटल्या उभ्या राहायच्या आणि पावसाळ्यापर्यंत पुरायच्या. आजीला हा प्रकार कधी पटला नाही. ती टोमॅटोला भेदरं म्हणायची. "भेदरं आंबटच असते, त्याले साखर कायले?" हा तिचा दरवर्षीचा प्रश्न. बाबांना मात्र हा सॉस पोळीलाही लागायचा आणि थालीपिठालाही.

१९९१ साली बाबांना मधुमेह निघाला. पुढच्या जानेवारीत आईनं साखर काढली. साखर नसल्यामुळे व्हिनेगर जिभेला झोंबायला लागलं, म्हणून तेही निम्मं केलं. 'आजारी माणसाच्या पोटात पावडरी कशाला' म्हणून बेन्झोएटही गाळलं. बाकी सगळं तसंच केलं आणि बाटल्या फडताळात ठेवल्या, कारण आमच्या १६५ लिटरच्या फ्रिजमध्ये दहा बाटल्यांना जागा नव्हती. मार्चमधल्या एका दुपारी फडताळात आवाज झाला. एक बाटली फुटली होती, दोघींची बुचं उडाली होती आणि भिंतीवर छतापर्यंत लाल शिंतोडे होते. आईनं भिंत पुसली, उरलेल्या बाटल्या मोरीत रिकाम्या केल्या आणि म्हणाली, "बाटली ओली राहिली असेल. माझंच लक्ष नव्हतं." हे वाक्य तिनं पुढे कितीतरी वर्षं म्हटलं. सॉसचा विषय निघाला की ओली बाटली आणि तिची चूक.

चूक कुणाची होती हे कळण्यासाठी केचप ही मुळात काय चीज आहे हे पाहायला हवं. आणि पहिला धक्का असा की तिच्यात टोमॅटो नव्हताच.

'केचप' हा शब्द दक्षिण चीनच्या फुजियान किनाऱ्यावरच्या होक्कियन बोलीतून आला असं बहुतेक अभ्यासक मानतात. तिथे 'के-चियाप' म्हणजे मिठात मुरवलेल्या माशांचा रस. या भागातले व्यापारी आणि खलाशी आग्नेय आशियात पसरले, त्यांच्यासोबत शब्दही गेला. मलय भाषेत 'केचाप' झाला. इंडोनेशियात आजही 'केचाप मानिस' मिळतं, ते सोयाबीनचं असतं आणि ताडगुळासारख्या पामच्या गुळानं गोड केलेलं असतं. सतराव्या शतकाच्या अखेरीस ईस्ट इंडिया कंपनीचे इंग्रज सुमात्रा बेटावर बेंकुलेनला वखार टाकून बसले होते. त्यांच्या जिभेला या खारट, झणझणीत रसाची चटक लागली. पण तो लंडनला पोचेपर्यंत महाग व्हायचा. मग तिथल्या स्वयंपाकघरांत नकला सुरू झाल्या. १७२७ साली आलेल्या एलायझा स्मिथ यांच्या पुस्तकातल्या केचपमध्ये अँकोव्ही मासे, छोटे कांदे, व्हिनेगर, पांढरी वाइन, लवंग, आलं, जायपत्री आणि मिरी आहे. नंतर अळंबीचं केचप आलं, अक्रोडाचं आलं. साखर जवळपास कुठेच नाही.

या पाककृती वाचताना लक्षात येतं की त्या चवीइतक्याच टिकवण्याच्या काळजीनं लिहिल्या आहेत. हॅना ग्लास यांच्या १७४७ च्या प्रसिद्ध पाकपुस्तकात जहाजांच्या कप्तानांसाठी एक वेगळं प्रकरण आहे, आणि त्यात वीस वर्षं टिकणारं केचप दिलं आहे. शिळी कडक बिअर, एक पौंड अँकोव्ही, तेवढेच छोटे कांदे, अळंबी, मिरी, लवंग, आलं, आणि मग आटवत राहायचं. वीस वर्षं खरोखर कुणी थांबून पाहिलं असेल का, कोण जाणे. पण दावा कशाचा केला आहे ते बघा. केचप म्हणजे ताजा माल संपल्यावर, दूर समुद्रात किंवा ऐन हिवाळ्यात, बाटलीतून काढायची चव. आपल्याकडे लोणच्याचं जे स्थान, तेच तिचं. लोणचं म्हटलं की पहिला प्रश्न 'टिकेल ना?' हाच असतो.

टोमॅटो यात शिरला अमेरिकेत. फिलाडेल्फियाचे डॉक्टर जेम्स मीझ यांनी १८१२ साली टोमॅटोच्या केचपची कृती छापली. ही छापलेली पहिली कृती मानतात. त्यात मसाले आहेत, ब्रँडी आहे, साखर नाही. १८२४ साली व्हर्जिनियाच्या मेरी रँडॉल्फ यांनी दिलेली कृती तर आजीला आवडली असती. टोमॅटो पाणी न घालता मीठ लावून शिजवायचे, गाळायचे, त्यात कांदा, जायपत्री, अख्खी मिरी घालायची आणि एवढं आटवायचं की जेमतेम दोन बाटल्या भराव्यात. टोमॅटो किती? एक पेक, म्हणजे जवळपास नऊ लिटरचं माप. ऑगस्टमध्ये, कोरड्या हवेत करा, असंही त्या बजावतात. साखर नाही आणि व्हिनेगरही नाही.

म्हणजे 'बिनसाखरेचं केचप' हा आजकालच्या आरोग्यवाल्यांचा शोध नाही, ते मूळ केचप आहे. मग साखर आली कधी, आणि तिला आणलं कुणी?

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत टोमॅटो डबाबंद करणारे कारखाने वाढले. चांगली फोड डब्यात जायची. साली, देठाकडचे हिरवे भाग, गळलेले तुकडे उरायचे. या उरल्यासुरल्याचं केचप होऊ लागलं. ढीग दिवसभर तसाच पडून राहायचा, आंबायला लागायचा. गर पातळ, रंग फिका. मग रंगासाठी कोळशाच्या डांबरापासून काढलेले रंग, आणि आंबणं थांबवण्यासाठी सोडियम बेन्झोएट. हे स्वस्त होतं, आणि चमत्कारासारखं काम करायचं. थोडक्या प्रमाणात घातलं की बुरशी आणि यीस्ट गप्प. बाटली उघडून आठवडेच्या आठवडे खाणावळीच्या टेबलावर उन्हातान्हात राहिली तरी काही होत नसे. यातूनच एक वाईट सोयही झाली. नासका मालही आता टिकायला लागला.

याविरुद्ध उभा राहिला हार्वी वायली. अमेरिकेच्या शेतीखात्याच्या रसायन विभागाचा प्रमुख, गडगडाटी आवाजाचा, हट्टी माणूस. १९०२ पासून त्यानं वॉशिंग्टनमधल्या आपल्या कार्यालयाच्या तळघरात एक खानावळ चालवली. बारा तरुण कारकून स्वेच्छेनं तिथे जेवायचे, आणि त्यांच्या अन्नात टाकणखारासारखे टिकाऊ पदार्थ मोजून मिसळलेले असायचे. पुढे बेन्झोएटचीही पाळी आली. वृत्तपत्रांनी या मंडळींना 'विष पथक' असं नाव दिलं. या चळवळीच्या रेट्यानं ३० जून १९०६ रोजी शुद्ध अन्न आणि औषधांचा कायदा झाला.

कायदा झाला तरी बेन्झोएटचा प्रश्न उरलाच. केचपवाल्यांचं म्हणणं सरळ होतं: याच्याशिवाय केचप टिकूच शकत नाही. हे खरं की खोटं, हे ठरवण्याचं काम एका जोडप्याकडे गेलं. आर्विल बिटिंग आणि कॅथरिन बिटिंग. कॅथरिन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होत्या, आणि पाकपुस्तकं जमवायच्या. त्यांच्या मागे त्यांचा चार हजारांहून अधिक पुस्तकांचा संग्रह अमेरिकेच्या काँग्रेसच्या ग्रंथालयात गेला. एका हातात सूक्ष्मदर्शक आणि दुसऱ्यात पाकपुस्तक, असा हा दुर्मीळ योग. या दोघांनी केचप पुन्हापुन्हा करून पाहिलं, कधी मीठ बदलून, कधी मसाले, कधी व्हिनेगर, कधी साखर. १९०९ साली सरकारनं त्यांचा अहवाल छापला.

निष्कर्ष असा की बेन्झोएटशिवाय केचप टिकतं. टोमॅटो पिकलेला आणि निकोप हवा, काम झटपट आणि स्वच्छ हवं, गर दाट हवा, आणि व्हिनेगर व साखर दोन्ही बाजारातल्या नेहमीच्या केचपपेक्षा बरीच जास्त हवीत. मीठ-मसाले जेवढे जिभेला चालतात तेवढ्यानं काम भागत नाही.

इथे साखर नेमकं काय करते? दोन कामं. एक म्हणजे ती पाणी धरून ठेवते, सूक्ष्मजीवांच्या वाट्याला ते कमी येतं. पण केचपमध्ये जेवढी साखर असते तेवढ्यानं एकटीनं हे पुरं होत नाही. मुरांबा निव्वळ साखरेवर टिकतो, केचप नाही. खरा पहारेकरी आंबटपणा, म्हणजे व्हिनेगर. आणि साखरेचं दुसरं काम म्हणजे ते व्हिनेगर आपल्याला सोसायला लावणं. गोडाच्या आडून दुप्पट आंबट पोटात जातं आणि जीभ तक्रार करत नाही. आईनं साखर काढल्याबरोबर व्हिनेगर निम्मं का करावं लागलं, याचं उत्तर हेच.

पिट्सबर्गच्या हाइन्झ कंपनीनं १८७६ मध्ये केचप विकायला सुरुवात केली होती. १९०६ च्या सुमारास तिनं बेन्झोएट वगळून, पिकल्या टोमॅटोचं, साखर-व्हिनेगर वाढवलेलं दाट केचप बाजारात लावून धरलं आणि 'आमच्या बाटलीत रसायन नाही' हीच जाहिरात केली. ते महाग होतं, तरी लोकांनी घेतलं.

सरकारदरबारी मात्र वायली हरला, आणि तेही साखरेच्याच प्रकरणात. १९०८ साली केचपवाले आणि इतर उत्पादक राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्याकडे गाऱ्हाणं घेऊन गेले. बेन्झोएटवर रूझवेल्ट वायलीच्या बाजूनं झुकले होते. तेवढ्यात शेर्मन नावाच्या प्रतिनिधीनं मक्याच्या डब्यात साखरेऐवजी सॅकरिन घालून किती पैसे वाचतात ते सांगितलं. वायलीला राहवलं नाही. विचारण्याआधीच तो म्हणाला की हा ग्राहकाला फसवण्याचा प्रकार आहे, आणि सॅकरिन तब्येतीला घातक आहे. रूझवेल्ट भडकले. त्यांचे डॉक्टर त्यांना रोज सॅकरिन देत होते! पुढे शास्त्रज्ञांची समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष आयरा रेमसेन, ज्यांच्या प्रयोगशाळेत १८७९ साली सॅकरिनचा शोध लागला, तेच. समितीनं १९०९ मध्ये सांगितलं की थोड्या प्रमाणात बेन्झोएट अपायकारक नाही. १९१२ मध्ये वायलीनं नोकरी सोडली.

कायद्यात बेन्झोएट जिंकलं, अमेरिकेच्या टेबलावर हाइन्झची पद्धत जिंकली. शुद्ध अन्नाच्या लढाईतून केचपमध्ये आलेली साखर कायमची तिथेच राहिली. आज दुकानातल्या केचपचा साधारण पाव ते पाचवा भाग साखर असते. आपण जिला आज खलनायिका ठरवून हाकलायला निघालो आहोत, ती शंभर वर्षांपूर्वी रसायनाच्या जागी आलेली प्रामाणिक बदली होती. आपल्याकडे बऱ्याच बाटल्यांमध्ये दोन्ही असतात. लेबलवरच्या बारीक अक्षरांत २११ हा आकडा शोधा, ते सोडियम बेन्झोएट. महिला मंडळाच्या वर्गात आईला पाव चमचा सांगितलं गेलं, ते हेच.

हे सगळं वाचून मी वहीकडे परत आलो, तेव्हा 'फुटली' हा शब्द वेगळा दिसायला लागला. आईच्या मूळ कृतीत बाटलीवर तीन पहारेकरी होते: व्हिनेगर, त्याला सोसायला लावणारी साखर आणि बेन्झोएट. १९९२ साली तिनं एक पूर्ण काढला, दुसराही काढला आणि तिसरा निम्मा केला. त्यांच्या जागी कुणालाच ठेवलं नाही. विदर्भातला मार्च, फडताळातली उष्णता, टोमॅटोची अंगची साखर खाणारं यीस्ट आणि त्यातून सुटणारा वायू. बाटली कोरडी ठणठणीत असती तरी फुटण्याचीच शक्यता जास्त होती. मेरी रँडॉल्फ यांनी बिनसाखर-बिनव्हिनेगरचं केचप टिकवायला पेकभर टोमॅटो आटवून दोन बाटल्यांवर आणला होता. आमच्या घरी पाच किलोच्या चार बाटल्या व्हायच्या.

तिसरी नोंद समजायला इतिहास लागला नाही, ती मला आठवते. पुढच्या वर्षी आईनं साखरेऐवजी गूळ घातला, व्हिनेगर आणि बेन्झोएट परत आणलं. सॉस उत्तम झाला. बाबा खूश. 'गुळाचं आहे, चालतं' म्हणून दोन वेळच्या जेवणात, वर संध्याकाळी पोह्यांवर. तीन महिन्यांनी रिपोर्ट आले तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, नवीन काय खाताय? आईनं घरी आल्यावर ती ओळ खोडली, दोन रेघांनी. नंतर घरात सॉस झाला नाही. बाबा पुढे सतरा वर्षं होते, त्यांनी कधी मागितलाही नाही.

गुळात ७० ते ८० टक्के तीच साखर असते, सुक्रोज. उरलेल्यात थोडं ग्लुकोज-फ्रुक्टोज, पाणी, खनिजं. 'रिफाइंड नाही' याचा अर्थ 'साखर नाही' असा होत नाही. शुद्धीकरण हा साखरेच्या रंगरूपाचा प्रश्न आहे, आणि बाबांच्या रक्ताला रंग कळत नव्हता. बाटलीलाही कळत नाही: टिकवण्याच्या कामी गूळ साखरेइतकाच उपयोगी. म्हणजे गूळ घालून आपण कामगाराचे फक्त कपडे बदलतो.

मग मी काय केलं ते सांगतो. दोन किलो लालबुंद, पिकलेले देशी टोमॅटो. एक कांदा, सहा लसूण पाकळ्या, चार लवंगा, दालचिनीचा बोटभर तुकडा, दहा मिरी, दोन सुक्या लाल मिरच्या. सगळं स्टीलच्या जाड बुडाच्या पातेल्यात, पाण्याचा थेंबही न घालता शिजवलं. मसाले काढले, बाकीचं वाटून गाळलं. मग मंद आचेवर, ढवळत, ते साधारण सहाशे ग्रॅम होईपर्यंत आटवलं. याला दीड तास लागला आणि ओटा लाल झाला. दोन चमचे मीठ. ऐंशी मिलिलिटर व्हिनेगर, तेही शेवटच्या पाच मिनिटांत, कारण आधी घातलं तर ते वाफेबरोबर उडतं. गोड काहीही नाही.

तरी ते थोडं गोड लागतं! पिकल्या टोमॅटोत साधारण अडीच-तीन टक्के साखर असते. दोन किलोंची सहाशे ग्रॅममध्ये आली म्हणजे नऊ टक्क्यांच्या आसपास झाली. बाजारातल्या केचपच्या निम्म्याहून कमी, पण शून्य नव्हे. पहिल्या खेपेला मी आठ खजूर घातले होते. हिशेब केला तर आकडा पंधराच्या पुढे गेला, आणि दुसऱ्या खेपेला ते वगळले. खजूर घालू नये असं माझं म्हणणं नाही. घालावा, पण तो साखर आहे हे कबूल करून घालावा.

टिकवण्याचं काम मी फ्रिजला दिलं. तीन छोट्या बाटल्या केल्या, एक वापरायला, दोन डीप फ्रीजमध्ये. उघडलेली तीन आठवड्यांत संपवायची. म्हणजे साखरेच्या जागी मी खरं तर काही घातलंच नाही. वर्षभराची बेगमी करण्याचा हट्ट सोडला. आईला तो सोडता येण्यासारखा नव्हता. टोमॅटो जानेवारीत स्वस्त होता आणि फ्रिज १६५ लिटरचा.

आई आता एक्क्याऐंशीची आहे, पुण्यात आमच्याकडेच असते. तिला मी बिटिंग पतीपत्नींची गोष्ट सांगितली. वायली आणि रूझवेल्टच्या भांडणात तिला रस वाटला नाही. व्हिनेगर आणि साखरेचं ऐकताना मात्र तिनं दोनदा थांबवून विचारलं.

"म्हणजे बाटली ओली नव्हती?"

"ओली असती-नसती, फुटलीच असती."

ती काही बोलली नाही. थालीपिठाच्या तुकड्यानं सॉस चाखला. "आंबट आहे," म्हणाली. "तुझ्या बाबांना चाललं असतं." मग वही मागवली, चष्मा लावला आणि 'फुटली'च्या खाली, आता जरा हलणाऱ्या अक्षरात, चौथी नोंद केली: 'व्हिनेगर कमी करू नये. थोडा करावा, फ्रिजमध्ये ठेवावा.'